पिकांवरील किडींसाठी सुगंधी वनस्पती तेले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लवंग, ओवा, पुदिना, निलगिरी, गवती चहा यांच्या तेलांनी कीड मरते हे खरे आहे. प्रयोगशाळेत ते वारंवार दिसले आहे आणि अशा तेलांपासून बनवलेली तयार कीटकनाशकेही विकली जातात. तरीही शेतात अनेकांची निराशा होते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा तेलात नसून वापरण्याच्या पद्धतीत असते. या तेलांचा सगळा गुण आणि सगळी मर्यादा एकाच गोष्टीत आहे: ती उडून जातात. पुढची जवळपास सगळी उत्तरे याच गोष्टीशी येऊन थांबतात.

सुगंधी तेल म्हणजे नेमके कोणते? निंबोळी तेल त्यात येते का?

नाही येत, आणि हा घोळ आधी मिटवलेला बरा. निंबोळी, करंज, एरंड ही बियांतून दाबून काढलेली स्थिर तेले आहेत. कागदावर थेंब टाकला तर डाग कायम राहतो. सुगंधी तेल हे पाने, फुले, साली, कळ्या यांच्या सूक्ष्म ग्रंथींत साठलेले असते आणि बहुधा वाफेच्या ऊर्ध्वपातनाने काढतात. त्याचा थेंब कागदावरून काही तासांत जवळजवळ पूर्ण उडून जातो.

निंबोळी तेलातील अझाडिरॅक्टिन किडीची भूक आणि कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवते, म्हणून त्याचा परिणाम सावकाश दिसतो. सुगंधी तेल मिनिटांत किंवा तासांत काम करते आणि नंतर उरत नाही. त्यामुळे निंबोळी तेलाचे वेळापत्रक सुगंधी तेलाला लावून चालत नाही.

ही तेले किडीला मारतात कशी?

एका तेलात डझनावारी घटक असतात. त्यातले दोन-तीन मुख्य: लवंगेत युजेनॉल, ओवा आणि थाइममध्ये थायमॉल, निलगिरीत सिनिओल, गवती चहात सिट्राल, संत्र्याच्या सालीत लिमोनीन, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड. हे रेणू लहान आणि तेलात विरघळणारे असल्यामुळे कीटकाच्या अंगावरच्या मेणचट थरातून आत शिरतात. श्वसनछिद्रांतून वाफेच्या रूपातही जातात.

आत गेल्यावर मार बसतो तो प्रामुख्याने मज्जासंस्थेवर. कीटकांत ऑक्टोपामीन नावाचा एक संदेशवाहक असतो. उडणे, हालचाल, हृदयाचे ठोके, सावधपणा यांवर त्याचे नियंत्रण असते. युजेनॉलसारखे काही घटक त्याच यंत्रणेत ढवळाढवळ करतात. थायमॉल मज्जातंतूंना शांत ठेवणाऱ्या गाबा या संदेशवाहकाच्या यंत्रणेवर परिणाम करते. सस्तन प्राण्यांत ऑक्टोपामीनची तशी यंत्रणा नाही, आणि या तेलांची माणसापेक्षा किडीला जास्त बाधा होण्यामागचे हे एक कारण मानले जाते.

जवळून पाहिले तर फवारा बसल्यावर मावा आधी अस्वस्थ होतो, पाय झाडतो, पानात रोवलेली सोंड काढून भटकू लागतो आणि मग गळून पडतो. गळलेली प्रत्येक कीड मेलेली नसते. मात्रा कमी पडली तर काही तासांनी ती पुन्हा उठते. म्हणून फवारणीचा निकाल त्याच संध्याकाळी ठरवू नये, 24 तासांनी पाहावे.

मारण्याखेरीज आणखी दोन परिणाम आहेत: वासाने कीड दूर राहते आणि मादी अंडी घालायचे टाळते. शेतात हे परिणाम थोडा काळच टिकतात, पण योग्य वेळी मिळाले तर मोलाचे ठरतात.

कोणत्या किडींवर उपयोग होतो आणि कोणत्यांवर नाही?

मऊ अंगाच्या, लहान आणि उघड्यावर राहणाऱ्या किडींवर चांगला: मावा, पांढरी माशी, फुलकिडे, तुडतुडे, लाल कोळी, पिठ्या ढेकणाची नुकती बाहेर पडलेली पिल्ले आणि अळ्यांची पहिली-दुसरी अवस्था. पूर्ण वाढलेला पिठ्या ढेकूण मेणाखाली सुरक्षित असतो. मोठी घाटेअळी फवाऱ्याने चिडते, पण खाणे थांबवत नाही.

खोडकिडा, शेंड्यात वा फळात शिरलेली अळी, पाने गुंडाळून आत बसलेली अळी, जमिनीतली हुमणी यांच्यासाठी ही तेले फवारू नका. ती आंतरप्रवाही नाहीत, म्हणजे पानात शोषली जाऊन रसातून फिरत नाहीत. जिथे थेंब पोहोचला तिथेच काम. पानाच्या खालच्या बाजूला लाल कोळी आणि फवारा वरून मारलेला, अशी स्थिती असेल तर तेल कितीही चांगले असले तरी फुकट गेले.

मग कोणते तेल निवडावे?

एकच सर्वोत्तम तेल नाही. एकाच किडीवर ओव्याचे तेल जोरदार आणि पुदिन्याचे मवाळ ठरू शकते, दुसऱ्या किडीवर उलट. सर्वसाधारणपणे लवंग, ओवा, थाइम, दालचिनी ही फिनॉल किंवा अल्डिहाइड जास्त असलेली तेले तिखट आहेत. ती किडीलाही भारी आणि पानालाही. रोझमेरी, पुदिना, गवती चहा, सिट्रोनेला मध्यम. संत्र्याच्या सालीचे तेल मऊ अंगाच्या किडीचे मेणचट आवरण बिघडवून तिला सुकवते.

मिश्रणाला मात्र अर्थ आहे. रोझमेरीच्या तेलात सिनिओल आणि कापूर दोन्ही असतात. कोबीवरच्या एका अळीवर झालेल्या अभ्यासात, जो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, असे दिसले की सिनिओलमुळे कापूर कीटकाच्या त्वचेतून अधिक सहज आत जातो. म्हणजे एक घटक दुसऱ्याला दार उघडून देतो. शुद्ध वेगळा काढलेला घटक नेहमीच संपूर्ण तेलापेक्षा सरस असतो असे नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एक लिटर पाण्याला किती तेल?

तयार उत्पादन असेल तर लेबलवरचेच प्रमाण, दुसरा विचार नको. त्यात इमल्सिफायर, म्हणजे तेल पाण्यात मिसळून ठेवणारा पदार्थ, आधीच असतो आणि तेलाचे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे.

सुटे तेल घेऊन स्वतः मिसळणार असाल तर साधारण 0.2 ते 1 टक्का हा पट्टा असतो. 0.5 टक्का म्हणजे लिटरला 5 मिली, 15 लिटरच्या पंपाला 75 मिली. माझा आग्रह असा की लवंग, दालचिनी, ओवा यांची सुरुवात लिटरला 2 मिलीपासूनच करावी आणि पान काय म्हणते ते पाहूनच वाढवावे. 1 टक्क्याच्या वर जाण्याचा मोह होतो, कारण निकाल पटकन दिसतो. पण तिथून पुढे किडीइतकेच नुकसान पिकाचे सुरू होते.

तेल पाण्यावर तरंगते. मिसळायचे कसे?

बहुतेक अपयशाचे मूळ इथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर.

तेल थेट पंपात ओतून पंप हलवला तर काही मिनिटांत ते वर येऊन बसते. पंप पाणी ओढतो तळातून. त्यामुळे सुरुवातीच्या ओळींवर नुसते पाणी पडते आणि टाकी संपत आली की उरलेले जवळजवळ शुद्ध तेल शेवटच्या झाडांवर पडून ती करपतात. लवंगेचे आणि दालचिनीच्या सालीचे तेल पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसते. तिथे उलटे: पहिलीच झाडे करपतात. शेताच्या एका टोकाला करपलेली पाने आणि दुसऱ्या टोकाला जिवंत मावा दिसला, तर तेलाला दोष देण्याआधी मिश्रण तपासा.

रीत अशी. कोरड्या भांड्यात मोजलेले तेल आणि इमल्सिफायर आधी एकत्र घोटा. इमल्सिफायर म्हणून पॉलिसॉर्बेट चालते, जे ट्वीन या नावाने मिळते, किंवा पोटॅशियमचा मऊ साबण. कपड्यांची पावडर वापरू नका. तिच्यातले क्षार आणि इतर घटक पानाला बाधतात. मग कोमट पाणी थोडे थोडे घालत ढवळत राहा. पाणी गरम नको, नाहीतर तेल भांड्यातूनच उडेल. मिश्रण दुधासारखे एकसारखे पांढरे झाले की अर्ध्या भरलेल्या टाकीत ओता, उरलेले पाणी भरा आणि फवारताना अधूनमधून पंप हलवत राहा.

टाकीत ओतण्याआधी एक पेलाभर द्रावण काचेच्या ग्लासात अर्धा तास ठेवून पाहा. वर तेलाचे कडे दिसले, किंवा लवंग तेल असेल तर तळाशी थेंब जमले, तर मिश्रण फुटले आहे. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात साबणाचा साका होतो आणि मिश्रण हमखास फुटते. तिथे साबणाऐवजी पॉलिसॉर्बेट घ्या किंवा पावसाचे पाणी वापरा. केलेले द्रावण त्याच दिवशी संपवायचे.

पिकाला इजा होते का?

होते, आणि हा धोका लोक फार हलक्यात घेतात. लवंग आणि दालचिनीच्या तेलापासून तणनाशके बनवतात. लवंगेच्या आणि एका प्रकारच्या पुदिन्याच्या तेलाची वाफ साठवलेल्या बटाट्याचे कोंब रोखायला वापरतात. जे तेल तणाचे पान जाळते, ते पिकाचे पान ओळखून सोडून देत नाही.

इजा कशी दिसते: फवारणीनंतर काही तासांत पानावर पाणी भरल्यासारखे गडद ठिपके, दुसऱ्या दिवशी ते तपकिरी आणि कोरडे. कडा आणि टोके आधी करपतात, कारण थेंब तिथे गोळा होतो. कोवळी रोपे, नवी पालवी, फुले आणि पाण्याचा ताण बसलेली झाडे सर्वांत नाजूक.

म्हणून दरवेळी, अगदी तेलाची बाटली बदलली तरी, आधी दोन-चार झाडांवर फवारून 48 तास थांबा. कीड वाढत असताना दोन दिवस थांबणे जिवावर येते हे मान्य. पण करपलेले रोप परत येत नाही.

पेरणीच्या बियाण्याला ही तेले चोळू नका. सिनिओल, कापूर यांसारखे घटक उगवण रोखतात.

फवारणी कधी करावी आणि किती दिवसांनी पुन्हा?

ऊन उतरल्यावर, वारा पडलेला असताना. दुपारी 32 अंशांच्या वर तेल पानावर टेकण्याआधीच बरेचसे उडते आणि जे टेकते ते पान भाजते. पाने पावसाने किंवा दवाने ओली असतील तर थांबा.

पानावर तेलाचा प्रभाव काही तास, फार तर एक-दोन दिवस. अंड्यांतून पुढची पिल्ले बाहेर आली की त्यांना रोखायला पानावर काही उरलेले नसते. त्यामुळे एका फवारणीवर भागत नाही. रसशोषक किडींसाठी 5 ते 7 दिवसांनी दुसरी, गरज असेल तर तिसरी. मात्र कॅलेंडर पाहून नव्हे, पानाची खालची बाजू पाहून. कीड नसताना आधीच फवारून ठेवण्याला या तेलांच्या बाबतीत काहीही अर्थ नाही.

मधमाश्या आणि मित्रकीटकांचे काय?

ओल्या फवाऱ्याखाली सापडलेली मधमाशी किंवा लेडीबर्ड भुंगेरा मरू शकतो. तेल शत्रू आणि मित्र ओळखत नाही. जमेची बाजू अशी की अवशेष टिकत नाही. संध्याकाळी मधमाश्या परतल्यावर फवारले तर सकाळपर्यंत धोका बराच उतरलेला असतो. मधमाश्यांच्या पेटीत व्हरोआ या परजीवी कोळ्यासाठी थायमॉलच वापरतात, तेही मोजून, हळू उडेल अशा रूपात. मात्रेने किती फरक पडतो याचे याहून चांगले उदाहरण नाही.

ट्रायकोग्रामासारखे परोपजीवी कीटक सोडले असतील तर त्यांच्या आसपासच्या दिवसांत फवारणी टाळा. मासे आणि इतर जलचर या तेलांना संवेदनशील असतात, म्हणून पंप तळ्यात, ओढ्यात धुवू नका.

नैसर्गिक आहे म्हणजे माणसाला निर्धोक ना?

फवारणीच्या सौम्य द्रावणाचा धोका कमी, बाटलीतल्या शुद्ध तेलाचा नाही. उंदरांना तोंडावाटे दिलेल्या थायमॉलची निम्मे प्राणी मारणारी मात्रा दर किलो वजनाला सुमारे 980 मिलिग्रॅम आहे. अनेक जुन्या रासायनिक कीटकनाशकांपेक्षा ते कितीतरी सौम्य, पण निरुपद्रवी म्हणता येणार नाही. निलगिरीचे किंवा कापराचे तेल लहान मुलाने थोडेसे गिळले तरी झटके येऊ शकतात. बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवणे ही अक्षम्य गोष्ट आहे. तेल पोटात गेले तर उलटी करवू नका, ताबडतोब डॉक्टरकडे न्या आणि बाटली सोबत घ्या.

शुद्ध तेल हाताळताना नायट्रिलचे हातमोजे आणि चष्मा, फवारताना मास्क. दालचिनीचे तेल त्वचेवर भाजल्यासारखी आग करते. मांजरांच्या यकृताला यातले काही घटक नीट निकामी करता येत नाहीत, त्यामुळे त्यांना जास्त जपावे लागते.

पाने उकळून केलेला काढा चालेल का? घरी तेल काढता येईल?

उघड्या भांड्यात पाने उकळली की घरभर वास सुटतो. तो वास म्हणजेच तुम्हाला हवे असलेले तेल, आणि ते हवेत गेले. उरलेल्या काढ्यात इतर काही घटक असतील, पण सुगंधी तेल नावापुरतेच.

ऊर्ध्वपातन यंत्र असेल तर तेल निघते, फक्त हिशेब आधी करा. गवती चहाच्या 100 किलो ताज्या पानांतून साधारण 300 ते 500 ग्रॅम तेल मिळते. लवंगेत उतारा मोठा, वाळलेल्या कळ्यांच्या वजनाच्या 15 ते 20 टक्के.

तेल चांगले आहे हे कसे ओळखावे? किती दिवस टिकते?

कागदाची चाचणी प्राथमिक आहे: दुसऱ्या दिवशीही तेलकट डाग असेल तर स्थिर तेलाची भेसळ. पण स्वस्त द्रावकाची भेसळ त्यात पकडली जात नाही. खात्री गॅस क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीच्या अहवालानेच होते, आणि गांभीर्याने वापरणाऱ्याने विक्रेत्याकडे तो मागावाच. त्यात मुख्य घटकाची टक्केवारी असते. ती महत्त्वाची, कारण एकाच जातीची तुळस किंवा थाइम वेगळ्या प्रकारची असू शकते: एका थाइममध्ये थायमॉल भरपूर, दुसऱ्यात लिनालूल. वास चांगला दोन्हींना, कीड मारण्याची ताकद वेगळी. तोडणीचा हंगाम आणि पानांचे वय यांनीही फरक पडतो. शेजाऱ्याला आलेला अनुभव तुम्हाला का आला नाही, याचे उत्तर अनेकदा इथे असते.

साठवण गडद काचेच्या, काठोकाठ भरलेल्या, घट्ट बुचाच्या बाटलीत, थंड जागी. लिमोनीनसारखी तेले काही प्लास्टिके विरघळवतात. हवेने जुने झालेले लिंबूवर्गीय तेल त्वचेला ॲलर्जी करते, ते टाकून द्यावे.

इतर औषधांत मिसळून फवारता येईल का?

गंधकासोबत अजिबात नाही, आणि गंधकाच्या फवारणीनंतर दोन आठवड्यांचे अंतर ठेवा. तेल आणि गंधक एकत्र आले की पाने भाजतात. ताम्रयुक्त बुरशीनाशकांबाबतही जपून. तेलामुळे दुसरे औषध पानात आणि किडीत जास्त शिरते. ऐकायला हा फायदा वाटतो, पण मग त्या औषधाची पानाला होणारी बाधा आणि अवशेष यांचा जुना हिशेब लागू राहत नाही. ट्रायकोडर्मा, ब्युव्हेरिया यांसारख्या उपयोगी बुरशींच्या टाकीत ही तेले घालू नका. यातली अनेक तेले बुरशीनाशकही आहेत.

किडीत प्रतिकारशक्ती येणार नाही ना?

येण्याची शक्यता कमी, शून्य नाही. अनेक घटक एकाच वेळी अनेक ठिकाणी मारतात तेव्हा किडीला सुटायला वाट शोधणे कठीण जाते. याचा एक ठळक पुरावा सुगंधी तेलाचा नाही, कडुनिंबाचा आहे. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेंग आणि इस्मन या संशोधकांच्या प्रयोगात माव्याच्या 40 पिढ्यांवर एका बाजूला शुद्ध अझाडिरॅक्टिन, दुसऱ्या बाजूला तेवढेच अझाडिरॅक्टिन असलेला बियांचा संपूर्ण अर्क वापरला. शुद्ध घटकाला मावा 9 पट सहनशील झाला, अर्काला झाला नाही.

साठवलेल्या धान्यासाठी?

खरे तर इथे ही तेले शेतापेक्षा जास्त शोभतात. बंद डब्यात वाफ उडून जात नाही, त्यामुळे कडधान्यातले भुंगेरे, तांदळातले सोंडे, पिठातले तांबडे भुंगेरे यांच्यावर धुरीसारखा परिणाम होतो. तेल धान्यावर न ओतता कापसाच्या बोळ्यावर घेऊन जाळीच्या पुडीत ठेवा. अडचण दोन: दाण्याच्या आतली अळी बऱ्याचदा वाचते, आणि वास धान्याला लागतो.

सरकारी नोंदणी लागते का? सेंद्रिय प्रमाणपत्राला चालते का?

देशोदेशीचे नियम वेगळे. अमेरिकेत 1996 पासून लवंग, सिट्रोनेला, रोझमेरी, थाइम, पुदिना अशा काही तेलांना किमान धोक्याची म्हणून केंद्रीय नोंदणीतून सूट आहे. ही सूट कमी धोक्यासाठी आहे, तेल प्रभावी असल्याचा तो दाखला नव्हे. सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर तेलासोबत इमल्सिफायरही प्रमाणन संस्थेला विचारून घ्या. नकार बहुधा त्याच्यावरून येतो.

नुसती सुगंधी झाडे कडेने लावली तर?

वास सोडणारी झाडे किडीला गोंधळात टाकतात, पण नुसत्या कडेच्या रांगेने मोठे शेत सुरक्षित होत नाही. केनियात मक्याच्या ओळींत मोलॅसिस नावाचे गवत लावले तेव्हा त्याच्या गंधाने खोडकिडा दूर राहिला आणि खोडकिड्यावर जगणारी परोपजीवी गांधीलमाशी मात्र आकर्षित झाली. तिथे झाड पिकाच्या ओळीत होते आणि गंध दिवसरात्र चालू होता, हे महत्त्वाचे.

फवारणीचा उपयोग झाला की नाही, हे कसे ठरवायचे?

फवारणीआधी शेतातली दहा-बारा झाडे निवडून दोऱ्याने खूण करा. प्रत्येकाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या एकेका पानावरची कीड मोजून लिहून ठेवा. दोन-तीन खुणेची झाडे न फवारता सोडा, किंवा त्यांच्यावर तेल वगळून फक्त इमल्सिफायरचे पाणी मारा. साबणानेही मावा मरतो, त्यामुळे श्रेय कोणाचे ते यातून कळते. 24 तासांनी, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी पुन्हा मोजा. न फवारलेल्या झाडांवरही कीड तेवढीच घटली असेल तर ते काम पावसाचे किंवा मित्रकीटकांचे आहे. तिसऱ्या दिवशी घटली आणि सातव्या दिवशी वाढली असेल तर तेल लागू पडले आहे, फक्त दुसरी फवारणी दोन दिवस अलीकडे घ्या.